चौकच्या घरातले दोन खांब

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, "म्युझिकसाठी पाहिजेत का होम थिएटरसाठी?"

"दोन्हीसाठी," मी म्हणालो.

त्याने आधी माझ्याकडे आणि मग मागे स्टुलावर बसलेल्या बाबांकडे पाहिलं. "दोन्हीसाठी घेतलं की धड कशालाच होत नाही. एक काय ते ठरवा."

"काय म्हणाला?" बाबांनी मला विचारलं.

मी मोठ्याने सांगितलं. रस्त्यावर हॉर्न वाजत होते, त्यामुळे ऐकू आलं नसेल असं मी धरून चाललो. हे 'धरून चाललो' लक्षात ठेवा, त्याच्याकडे नंतर यायचंय.

आमचं घर चौकला. मुंबई-पुणे जुन्या हायवेवर पनवेल सोडलं की खोपोलीच्या आधी लागतं ते चौक. समोर इर्शाळगड, मागे माथेरानचा डोंगर. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट इथूनच माथेरान चढून गेला आणि पुढे तिथे थंड हवेचं ठिकाण झालं. आम्ही मात्र खालीच राहिलो. आई गेल्यावर बाबा एकटेच तिथे असतात. त्यांना कॅसेटवरून आणि आता मोबाइलवरून भीमसेन, कुमार, नाट्यगीतं ऐकायची असतात. सुट्टीत ताईची मुलं आली की त्यांना सिनेमा पाहायचा असतो. जुना टू-इन-वन मेला तेव्हा मी ठरवलं, की सत्तर हजारांत जमिनीवर उभे राहणारे दोन चांगले टॉवर स्पीकर आणि एक अँप्लिफायर घ्यायचा. एकाच जोडीत गाणं आणि सिनेमा, दोन्ही.

दुकानदाराचा प्रश्न डोक्यातून जाईना. गाणं आणि सिनेमा यांना वेगळे स्पीकर लागतात, हे मुळात कधी ठरलं?

मराठी माणसाला तरी हे विचित्र वाटायला हवं. आपल्याकडे नाटक आणि गाणं एकाच छपराखाली वाढलं. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' झालं आणि पुढची साठेक वर्षं लोक नाटकाला जाताना गाणं ऐकायलाच जात होते. मायक्रोफोन नव्हता. नटाला शेवटच्या रांगेपर्यंत पदही पोचवायचं होतं आणि संवादही, आणि तेही एकाच गळ्याने. 'म्युझिक का थिएटर' असं बालगंधर्वांना कोणी विचारलं असतं तर ते नुसते हसले असते.

यंत्रांचं सुरुवातीला तसंच होतं. ग्रामोफोनला कर्णा होता. कर्णा म्हणजे निव्वळ भूमिती. सुईच्या बारीक थरथरीला हळूहळू रुंद होणारी वाट दिली, की ती हवेला नीट ढकलते. वीज नाही, व्हॉल्यूमचं बटण नाही. मग १९२५ साली अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकच्या दोघा इंजिनिअरांनी हलत्या कॉइलच्या स्पीकरवर निबंध प्रसिद्ध केला. कागदाचा शंकू, त्याच्या बुडाशी तारेची गुंडाळी, गुंडाळीभोवती चुंबक. तुमच्या मोबाइलच्या पोटात आज जो स्पीकर आहे तो, आकार सोडला तर, त्याच जातीचा.

सिनेमा बोलू लागला तो लगेच त्यानंतर. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला. पुढच्याच वर्षी कोल्हापुरात प्रभातने 'अयोध्येचा राजा' मराठीत केला. थिएटरवाल्यांची अडचण साधी होती. तेव्हाचे अँप्लिफायर आजच्या मानाने अगदी अशक्त आणि श्रोते शेकड्यांनी. म्हणून त्यांनी नव्या स्पीकरच्या तोंडाला जुना कर्णा लावला आणि तो पडद्यामागे उभा केला. पडद्याला बारीक भोकं पाडली, म्हणजे नट बोलेल तिथूनच आवाज येईल. म्हणजे जमिनीवर उभा राहणारा पहिला मोठा स्पीकर सिनेमासाठी जन्मला आणि त्याच्यातून गाणीही वाजली. दोन कामं, एक पेटी. दुकानदाराला हे सांगायची फार इच्छा होती.

ताटातूट झाली ती घरी. मुंबईचं रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं आणि स्पीकर दिवाणखान्यात आला तो लाकडी पेटीतून, एकटा. बाबांच्या लहानपणी चौकमध्ये रेडिओ मोजक्या घरांत. रेडिओला परवाना लागे, त्याची फी पोस्टात भरावी लागे. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्राने 'गीतरामायण' लावलं. आठवड्याला एक नवं गीत, अशी ५६ गीतं. बाबा तेव्हा सात वर्षांचे. सावकाराच्या ओटीवर बसून ऐकल्याचं सांगतात. पेटीला पाठ नव्हती, मागे भोकं पाडलेला पुठ्ठा, त्यातून व्हॉल्व्हचा उजेड दिसायचा. "रामापेक्षा आम्ही तो उजेडच बघायचो," असं त्यांचं म्हणणं.

ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी पुढे रेडिओग्राम घेतला. पलंगाएवढं लाकडी धूड, वर रेकॉर्ड प्लेअर, खाली स्पीकर, खाली बारीक पाय. आपल्या मध्यमवर्गाचा पहिला 'फ्लोअर-स्टँडिंग' तोच म्हणायला हवा. त्यावर क्रोशाचं कापड आणि फुलदाणी असे. गाण्याच्या दृष्टीने फुलदाणी वाईट, ती खर्जाला थरथरते. पण ती काढायची कोणाची हिंमत होती?

याच सुमारास, १९५४ साली, एडगर विल्चर या अमेरिकन माणसाने एक उलटा विचार केला. मोठा खर्ज हवा तर मोठी पेटी हवी, असं सगळे मानत होते. त्याने पेटी चारही बाजूंनी हवाबंद केली आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंग म्हणून राबवलं. पुस्तकांच्या फडताळात मावेल एवढ्या पेटीतून खोल खर्ज आला. त्याची किंमत मात्र होती. असा स्पीकर ताकद फार पितो. अँप्लिफायर जसे सशक्त होत गेले तसं ते परवडू लागलं आणि घरातला स्पीकर लहान होत गेला, मवाळ होत गेला. कर्णा घरातून हद्दपार झाला. तो उरला थिएटरात, आणि आपल्याकडे लग्नाच्या मांडवात, भोंगा होऊन. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी पेटी आणि तिच्यातलं भोक यांचं गणित मांडलं. आज तुमच्या टॉवरच्या मागे किंवा खाली जे गोल नळकांडं दिसतं, त्याचा व्यास आणि लांबी त्या गणितातून येते. शोभेचं नाही ते.

सिनेमा आपल्या वाटेने मोठाच होत गेला. 'शोले' मिनर्व्हाला पाच वर्षांहून जास्त चालला. मिनर्व्हा याच लॅमिंग्टन रोडवर होतं. बाबांनी तिथेच पाहिला, १९७६ साली, चौकहून एसटीने येऊन. ७० एमएमचा पडदा आणि स्टिरिओफोनिक आवाज. त्या दिवशी दुकानातून निघाल्यावर मी त्यांना विचारलं, काय आठवतं? "घोडे," ते म्हणाले. "घोडे या कानातून त्या कानात गेले." मॅजेस्टिक ते मिनर्व्हा अंतर चालत जायचं आहे. भारतातल्या सिनेमाच्या आवाजाचा निम्मा इतिहास त्या वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. दोन्ही थिएटरं आज नाहीत.

मग डॉल्बी. हा शब्द मराठीत काय झाला ते तुम्हाला माहीतच आहे. मिरवणुकीत ट्रकवर रचलेली काळ्या पेट्यांची भिंत म्हणजे डॉल्बी. रे डॉल्बीने १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. ज्याने आयुष्यभर नको तो आवाज काढून टाकायचं काम केलं, त्याचं नाव आपण काचा हलवणाऱ्या भिंतीला दिलं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल एवढीच मुभा आहे. हायवेकडेच्या आमच्या घरात तेवढा आवाज नुसत्या ट्रकचा होतो, पण ते जाऊ दे.

खऱ्या डॉल्बीचा आणि चौकचा एक धागा मात्र आहे. डॉल्बी स्टिरिओतला पहिला हिंदी सिनेमा म्हणून सांगितला जातो तो १९९४ चा '१९४२: अ लव्ह स्टोरी'. त्याचे कलादिग्दर्शक नितीन देसाई. त्याच देसायांनी २००५ मध्ये चौक-कर्जत रस्त्यावर एन. डी. स्टुडिओ उभा केला. 'जोधा अकबर'चा किल्ला तिथलाच. आमच्या गावातली कितीतरी पोरं तिथे सुतारकामाला आणि रंगकामाला गेली. पडद्यावर दिसणारा दगडी बुरूज प्लास्टरचा असतो, हे चौकच्या माणसाला फार लवकर कळतं.

थिएटरातला तो आवाज डीव्हीडीबरोबर घरी आला. पाच लहान डब्या आणि एक मोठा ठोकळा, म्हणजे ५.१. त्यातला 'पॉइंट एक' हा फक्त खालच्या गडगडाटासाठीचा वेगळा ट्रॅक, साधारण १२० हर्ट्झच्या खालचा. डब्या एवढ्या लहान, की त्यांना खर्ज जमतच नाही. तो सगळा ठोकळ्याकडे ढकलायचा. स्फोटासाठी हे ठीक आहे. गाण्याचं काय? पुरुष गायकाचा सा काळी एकमध्ये धरला तर तो साधारण १३९ हर्ट्झ आणि तंबोऱ्याची खर्जाची तार ६९. म्हणजे गायक डबीत, त्याचा खर्ज कोपऱ्यातल्या ठोकळ्यात आणि डग्गा दोघांच्या मधे लोंबकळत. 'म्युझिक का होम थिएटर' हा प्रश्न या ठोकळ्याने जन्माला घातला. दुकानदार खोटं बोलत नव्हता. त्याच्या दुकानाचं वय जेवढं, तेवढा इतिहास तो सांगत होता.

टॉवर स्पीकर म्हणजे या ताटातुटीवरची तडजोड. जमिनीवर उभा, म्हणून पेटी मोठी. पेटी मोठी, म्हणून खर्ज घरचा, ठोकळा न घेता. आणि ताकद पेलायची तयारी, म्हणून सिनेमालाही चालतो.

दुसऱ्या खेपेला मी तयारीने गेलो. बाबांच्या आवडीची सहा गाणी मोबाइलमध्ये घेतली, कारण दुकानात नेहमी त्यांचीच ती एक काच फुटणारी क्लिप लावतात आणि तिच्यावर कुठलाही स्पीकर छान वाजतो. सल्ला म्हणून सांगतो: शंभर वेळा ऐकलेलं गाणं न्या. जे पाठ आहे त्यातच खोट कळते. आणि तंबोरा असलेलं न्या. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली दाखवून दिलं होतं, की तंबोऱ्याच्या रुंद, गोलसर घोडीमुळे तारेतून असे वरचे स्वर उमटतात जे साध्या तारेच्या नियमाने उमटायलाच नकोत. जवारी म्हणतो आपण तिला. स्पीकरने ती दाखवली नाही तर तंबोऱ्याचा नुसता 'घूं' उरतो.

दुकानदाराने दोन जोड्या लावल्या. पहिली सडपातळ, मऊ कापडाच्या ट्विटरची. विल्चरच्या घराण्यातली म्हणा. कागदावर संवेदनशीलता ८७ डेसिबल. दुसरी जाडजूड, ट्विटरच्या तोंडाला छोटासा कर्णा, ९३ डेसिबल. दर ३ डेसिबलला लागणारी ताकद निम्मी होते, म्हणजे दुसरीला तेवढ्याच आवाजाला पाव ताकद पुरते. मला पहिली आवडली. तंबोरा खोलीभर पसरला, भीमसेनांचा षड्ज जागच्या जागी. दुसरीत तेच गाणं थोडं पुढे येऊन अंगावर बसत होतं. मी मनातल्या मनात पहिलीचे पैसे मोजले.

"बाबा, कुठली?"

"गाणं दोन्हीत छान आहे." ते थांबले. "पण बोलणं या दुसऱ्यात कळतंय."

दुकानदाराने मधे एका सिनेमातला प्रसंग लावला होता, दोघांचं हळू आवाजातलं बोलणं. मी त्याच्याकडे लक्षही दिलं नव्हतं. बाबा स्टूल पुढे ओढून ऐकत होते. "परत लाव," ते म्हणाले. पहिल्या जोडीवर. मग दुसऱ्या. मग परत पहिल्या. दुकानदार आता बाबांकडे वेगळ्या नजरेने पाहत होता. त्याने हळूच मला विचारलं, "काका कारखान्यात होते का?"

होते. खोपोलीतल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं, यंत्रांच्या हॉलमध्ये. कानात घालायला कापसाचा बोळा, तोही स्वतःचा. मोठ्या आवाजाने जाणारं ऐकणं सगळीकडून सारखं जात नाही. आधी ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. गाण्याचे मूळ स्वर त्याच्या बरेच खाली असतात, म्हणून सूर शाबूत राहतो, मींड शाबूत राहते. जातात ती व्यंजनं: स, श, त, थ, क. माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. बाबांनी गेली काही वर्षं सिनेमा सोडला होता. "आताचे सिनेमे बरे नसतात," म्हणायचे. गाणं मात्र रोज ऐकायचे. आम्हाला वाटायचं, वयाप्रमाणे माणूस गाण्याकडे वळतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. मी दुसऱ्या दिवशी कसाबसा चौकला पोचलो. रस्त्यावर गाड्याच गाड्या, पाऊस थांबत नव्हता. बाबा टीव्हीसमोर बसले होते आणि आवाज इतका मोठा, की अंगणातून प्रत्येक शब्द ऐकू येत होता. आमचाच डोंगर, आमचाच रस्ता, बातमीदार ओरडून सांगतोय आणि खिडकीतून बघितलं तर तेच सगळं समोर. मी आवाज कमी केला. बाबांनी पुन्हा वाढवला. मी चिडून काहीतरी बोललो. धक्क्यात आहेत, असं ताईला फोनवर सांगितलं. त्यांना फक्त कोणकोण गेलं ती नावं ऐकायची होती.

हे सगळं लॅमिंग्टन रोडवर, दोन पेट्यांमधे उभं राहून मला कळलं. कर्ण्याच्या स्पीकरने त्यांचा कान बरा केला नव्हता. त्या खोलीत, त्या अंतरावर त्याने एवढंच केलं, की वरचा आवाज भिंतींवर उधळण्याऐवजी समोर फेकला. थिएटरवाले १९३१ पासून तेच करत होते, शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी.

दुसरी जोडी घेतली. मधला सेंटर स्पीकर बजेटमध्ये बसला नाही. दुकानदार म्हणाला संवादासाठी तो हवाच. खरं आहे, सिनेमातलं बहुतेक बोलणं त्याच ट्रॅकवर असतं. पण एकच माणूस बरोबर मधे बसून ऐकणार असेल तर अँप्लिफायरला 'सेंटर नाही' असं सांगायचं, मग तो ते बोलणं दोन्हीकडे सारखं वाटून देतो. उरलेल्या पैशांतून कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. त्यावर आमचं भांडण झालं, ते इथे लिहीत नाही.

घरी आणल्यावर नवीनच त्रास. खोली सोळा फूट लांब, सिमेंटच्या भिंती, फरशी. डग्गा धबधब करायला लागला आणि तंबोऱ्याचा खर्ज बाबांच्या खुर्चीत घुमायला लागला. दोष स्पीकरचा नव्हता. सोळा फुटांच्या खोलीत ध्वनीची एक लाट साधारण ३५ हर्ट्झला अडकते, तिची दुसरी ७० ला. तंबोऱ्याची खर्जाची तार ६९. आणि बाबांची खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली, जिथे प्रत्येक लाट फुगलेलीच असते. खुर्ची भिंतीपासून चार फूट, म्हणजे खोलीच्या पाव लांबीएवढी पुढे आणली की ७० ची ती लाट जवळपास शून्य होते. स्पीकरवर कितीही पैसे घातले तरी हे होत नाही, आणि खुर्ची सरकवायला काही पडत नाही.

बाबा सरकेनात. त्या जागेवरून खिडकीतून इर्शाळगड दिसतो. आईची खुर्चीही शेजारी तिथेच. शेवटी दोन्ही खुर्च्या अडीच फूट पुढे आल्या. गड अर्धा दिसतो, खर्ज अर्धा घुमतो.

स्पीकरखाली कडप्प्याचे तुकडे ठेवलेत, कारण पावसाळ्यात आमची फरशी पाझरते आणि दाबलेल्या भुश्श्याची पेटी खालून फुगते. कोकणातल्या कोणाला घ्यायचे असतील तर आणखी एक बघा: शंकूची कडा रबराची हवी, फोमची नको. फोम इथल्या दमट हवेत काही वर्षांत भुगा होतो.

पहिला सिनेमा कुठला लावायचा यावर भाच्यांनी मत मांडलं होतं, पण ते आलेले नव्हते. बाबांनी 'संत तुकाराम' सांगितला. प्रभातचा, १९३६ चा. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, त्यातले दामले स्वतः ध्वनिमुद्रणातले जाणकार. अर्थातच मोनो. एकच ट्रॅक, तोच डावीकडून, तोच उजवीकडून. विष्णुपंत पागनीस गायला लागले आणि आवाज दोन्ही खांबांतून न येता बरोबर मधून, टीव्हीच्या काचेतून यायला लागला.

पाचेक मिनिटांनी बाबा उठले. टीव्हीच्या टेबलाखाली वाकून पाहिलं. मग टीव्हीच्या मागे हात घालून चाचपलं.

"तिसरा कुठे ठेवलास?"

"घेतलाच नाही."

"मग हा इथून कोण बोलतोय?"

मी सांगायला लागलो, की दोन्ही कानांना सारखाच आवाज सारख्याच वेळी पोचला की मेंदू तो मधे आहे असं समजतो. अर्ध्यातच त्यांनी हाताने मला गप्प केलं आणि खुर्चीत जाऊन बसले. जिजाई तुकोबांना बोलत होती, आणि त्यांना शब्द ऐकायचे होते.